पोर्ट वाइन आणि डोरोचे खोरे

नाताळात वा लग्नसमारंभात आपल्याकडे जी गोड, तांबडी 'पोर्ट' दिली जाते, तिचे मूळ पोर्तुगालात आहे. उत्तरेकडील डोरो नदीच्या खोऱ्यात ती तयार होते. नाव मात्र तिला पोर्तो शहरावरून मिळाले. तेथील डोंगरउतार खडकाळ आहेत. पिढ्यान् पिढ्या दगडी बांध घालून पायऱ्या रचल्या, तेव्हा कोठे तेथे द्राक्षवेल रुजली. २००१ साली या मळ्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला.

द्राक्षे तुडवून रस आंबू लागला की दोन-तीन दिवसांतच त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षांचीच ब्रँडी मिसळतात. आंबणे थांबते, साखर शिल्लक राहते. म्हणून पोर्ट गोड असूनही कडक, साधारण २० टक्के मद्यार्काची असते.

१७५६ साली पोंबाल या मंत्र्याने या प्रदेशाची हद्द आखली. रंगासाठी भेसळीत वापरली जाणारी एल्डरबेरीची झाडे उपटण्याचाही हुकूम निघाला. (१७५९ साली येशूसंघीयांना पोर्तुगालच्या राज्यातून घालवणारा पोंबाल तो हाच!)

मिस्सेसाठी पोर्ट चालेल काय? धर्मसभेच्या कायद्यानुसार (कलम ९२४) द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांचा व न बिघडलेला असावा. १८९६ च्या निर्णयाने द्राक्षांचा मद्यार्क मिसळण्यास मुभा दिली, पण एकूण प्रमाण १८ टक्क्यांपर्यंतच. खरी पोर्ट ही मर्यादा बहुधा ओलांडते. तेव्हा वेदीवर ती ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. गोव्यात तयार होणाऱ्या 'पोर्ट'चा डोरोशी संबंध केवळ नावापुरता. तिच्यात काय मिसळले आहे, हे बाटलीवर वाचून पाहावे.