खोड, फांदी आणि एक जुना आक्षेप

चौदाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. क्योतोच्या तोजी देवळाच्या दरवाजात हिनो सुकेतोमो नावाचा एक दरबारी पावसामुळे अडकला होता. आडोशाला तिथे भिकारी जमलेले. कुणाचे हात वाकडे, कुणाचे पाय मुडपलेले. आधी त्याला त्या वेगळेपणाचे कुतूहल वाटले, पण थोड्याच वेळात मन विटले. सरळ, साधे तेच बरे, असे वाटू लागले. घरी परतल्यावर त्याने हौसेने जमवलेली कुंड्यांतली वाकडीतिकडी झाडे उपटून टाकून दिली. ही हकीकत योशिदा केन्को या भिक्षूने १३३०च्या सुमारास लिहिलेल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या ग्रंथात आहे.

पाचशे वर्षांनी, १८३९ साली, चीनमध्ये गोंग झिझेन या लेखकाने हाच आक्षेप अधिक कडक शब्दांत मांडला. रसिकांना तिरके, विरळ, वाकडे प्लमचे झाड आवडते, म्हणून व्यापारी सरळ ते छाटतात, दाट ते विरळ करतात आणि कोवळे फुटवे मारून टाकतात, अशी त्याची तक्रार. त्याने अशी तीनशे झाडे विकत घेतली, कुंड्या फोडल्या, बांधलेल्या दोऱ्या सोडल्या आणि झाडे जमिनीत लावली. पाच वर्षांत ती बरी करीनच, असा त्याचा निर्धार होता. गुणी माणसांना वाकवणाऱ्या राजवटीवरचे हे रूपक, असे या निबंधाकडे पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण झाडांचे जे वर्णन त्याने केले, तेही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आपल्याकडे ‘घरात बोन्साय ठेवू नये, वाढ खुंटते’ असे म्हणतात, त्याच्या मुळाशीही हीच अस्वस्थता असावी. तेव्हा प्रश्न सरळ विचारायला हवा : कुंडीतले झाड हे पंगू केलेले झाड आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर मला जपानी आणि चिनी माळ्यांच्या मोजमापांत सापडते. वळण हा बोन्सायचा सर्वांत दिसणारा भाग. पण कसलेला माळी आधी पाहतो ते खोड आणि फांदी यांचे प्रमाण. खोड बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे क्रमाने निमुळते हवे; या उतारक्रमाला जपानीत ‘कोकेजुन’ म्हणतात. पहिली फांदी साधारण एक-तृतीयांश उंचीवर, तीच सर्वांत जाड. वरच्या फांद्या क्रमाने बारीक, कारण मोठ्या झाडातही खालची फांदी वयाने थोरली असते. कोणतीही फांदी खोडाच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून फार जाड नसावी, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. समोरासमोर एकाच उंचीवर निघालेल्या दोन फांद्यांना ‘कान्नुकी’, म्हणजे दाराचा अडसर, म्हणतात आणि त्यांतली एक काढून टाकतात. नाहीतर त्या जागी खोडाला गाठ येते आणि निमुळतेपणा बिघडतो.

हे नियम नुसत्या आवडीनिवडीचे नाहीत. फांद्यांच्या छेदांची बेरीज खोडाच्या छेदाएवढी भरते, असे निरीक्षण लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांत नोंदवले होते. १९६४ साली शिनोझाकी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी त्यामागचा विचार मांडला : प्रत्येक पानामागे एक नळी असते आणि खोड म्हणजे त्या नळ्यांची जुडी. आता एक-तृतीयांशाचा ठोकताळा पडताळून पाहा. इतक्या जाडीच्या फांदीचा छेद खोडाच्या एक-नवमांश भरतो. म्हणजे एक खोड अशा नऊ फांद्या पेलते. फांदी दोन-तृतीयांश जाड झाली, तर ती एकटीच चार-नवमांश वाटा घेते. मग ती फांदी न दिसता दुसरे खोड दिसू लागते आणि झाड कोवळे वाटते.

शिवाय जाडी एकाच दिशेने चालते. खोड जाड करता येते. जाड झालेली फांदी बारीक करता येत नाही, ती कापून नवी वाढवावी लागते. म्हणून खोड भरण्यासाठी खालच्या बाजूला एखादी फांदी मुद्दाम मोकळी वाढू देतात. तिच्या पानांचे अन्न तिच्या खालचे खोड पोसते आणि काम झाल्यावर ती छाटतात. जपानी माळी तिला ‘बळीची फांदी’ म्हणतात. काळ्या पाइनचे कोंब उन्हाळ्याच्या सुरुवातीला खुडतात, तेव्हाही दुबळे कोंब आधी आणि जोमदार आठ-दहा दिवसांनी, म्हणजे मागे पडलेल्यांना वेळ मिळतो. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेत तर तारेऐवजी कात्रीवरच भर असतो. खोडाचा एक टप्पा भरला की कापायचा, नवा फुटवा आधीच्या टप्प्याला साजेसा जाड होईपर्यंत थांबायचे, मग पुन्हा कापायचे. अशा एका झाडात माळ्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे जातात.

इथेच सुकेतोमोच्या आक्षेपाला उत्तर मिळते. वाकडेपणा बाहेरून लादता येतो. प्रमाण तसे लादता येत नाही. पाने, अन्न आणि काळ यांचा हिशेब झाडाकडूनच करून घ्यावा लागतो. जिथे घाई होते, तिथे गोंग झिझेनची तक्रार आजही खरी आहे : कोवळ्या रोपाला तार गुंडाळून पंधरवड्यात विकलेला ‘बोन्साय’ हे आजारी झाडच असते.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. त्याची जोपासना १६२५पासून होत आली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तो हिरोशिमात, बाँब पडला तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता. भिंतीच्या आडोशाने वाचला. १९७६ साली मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला. तो कशातून वाचला होता हे त्या उद्यानाला कळले ते २००१मध्ये, त्यांचे नातू झाड पाहायला आले तेव्हा.

अशा झाडाचे खोड पिढ्यांकडून आलेले असते. आज सांभाळणाऱ्याच्या हाती असतात त्या फांद्या. त्या त्याने खोडाला शोभतील एवढ्याच वाढू द्यायच्या. मराठीत आपण बोन्सायला वामनवृक्ष म्हणतो, ते नाव म्हणूनच मला पटते. याचे बी बुटके नसते. कुंडीतून काढून जमिनीत लावले, तर हेच झाड पुन्हा उंच वाढू लागते.