बक्षिशी आणि सरकारचा वांटा

दिवाळीच्या दिवसांत पोस्त मागावयास दाराशीं येणारा पोस्टमन, बिलाच्या बशींत राहिलेली मोड उचलणारा वेटर, सामान खालीं ठेवून क्षणभर घुटमळणारा हमाल, यांच्या हातांत पडणाऱ्या पैशाला मराठींत नांवें पुष्कळ आहेत. पोस्त, बक्षिशी, चिरीमिरी, चहापाणी. तमाशाच्या फडांत त्यालाच दौलतजादा म्हणतात. नांवें निरनिराळीं असलीं तरी लक्षण एकच. तो पैसा ठरलेला नसतो, घेणाराला तो हक्कानें मागतां येत नाहीं, आणि तरीहि न देणाराला मनांतून थोडें ओशाळल्यासारखें होतें. याला उत्पन्न म्हणावें कीं देणगी? आणि उत्पन्न म्हटलें तर त्यांत सरकारचा वांटा असावा काय?

अमेरिकेंत हा प्रश्न २०२४ च्या निवडणुकींत गाजला. ४ जुलै २०२५ रोजीं तेथें झालेल्या कायद्यानें, ज्या धंद्यांत बक्षिशी मिळण्याची रूढी आहे त्यांतील नोकरांना, वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या बक्षिशीवर २०२५ ते २०२८ या चार वर्षांपुरती आयकराची सूट मिळाली. हा वाद परक्या देशाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. मराठी मुलखांत तो पूर्वींच होऊन गेलेला आहे. मात्र तो कायदेमंडळांत झाला नाहीं, मामलेदाराच्या कचेरींत आणि मोहाच्या झाडाखालीं झाला.

पेशवाईच्या अखेरीचा एक प्रकार या बाबतींत फार बोलका आहे. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना त्या काळीं पिकाच्या वेळीं खळ्यावर बलुतें मिळे, आणि सणावारीं व लग्नकार्यांत मानपान होई. त्यांतील कांहीं भाग ठरीव असे, कांहीं खुशीचा. कारागीर व दुकानदार यांच्यावर मोहतर्फा नांवाचा कर होता. इंग्रजी अमलांतहि तो चालू राहिला आणि मुंबई इलाख्यांत १८४४ सालीं उठला. पण मोहतर्फा हा धंद्यावरचा कर. खुशीच्या पैशाला तो शिवत नसे. खुशीचा पैसा सरकारी वहींत कसा शिरतो याची हकीकत एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधींच्या १८१९ च्या अहवालांत दिली आहे. हिशेब तपासणाऱ्यांना व दरबारांतील मंडळींना गुपचूप कांहीं द्यावें लागे म्हणून मामलेदार रयतेकडून जादा पट्टी वसूल करीत. तिला दरबारखर्च किंवा अंतस्थ म्हणत. हळूहळू ही गुप्त देणगी ठरीव हक्क होऊन बसली आणि तिचा हिशेब इतर बाबींप्रमाणें उघडपणें तपासला जाऊं लागला. मग तपासणाऱ्यांना खूष ठेवण्यासाठीं वेगळी वसुली आलीच. आणि या नाजूक व्यवहारांत कोणी फार खोल पाहत नसल्यामुळें मामलेदार त्यांत स्वतःसाठींहि पुष्कळ ओढून घेऊं लागले. अंतस्थ ही लांच होती, हमालाची चिरीमिरी नव्हे, हें खरें. पण वहींत चढलेली देणगी हक्क होते आणि तिच्या शेजारीं दुसरी देणगी उगवते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच येतो.

आतां आजच्या पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा या दोन डोंगरी तालुक्यांकडे वळावें. जिल्हा नवा, १ ऑगस्ट २०१४ चा. पण हे दोन मुलूख जुने आहेत, आणि वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा एकाच वस्तीचे असूनहि ते दोन वेगळ्या सरकारांखालीं वाढले. जव्हार हें मुकणे या कोळी घराण्याचें संस्थान. या घराण्यांतील नेमशहाला १३४३ सालीं दिल्लीच्या महंमद तुघलकाकडून शहा हा किताब मिळाला, आणि १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत तेथें मुकण्यांचें राज्य टिकून होतें. मोखाडा मात्र इंग्रजी ठाणें जिल्ह्यांत, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून मोडत असे. तेव्हां डोंगराच्या एका अंगाला राजाचा हुकूम व दुसऱ्या अंगाला कलेक्टरचा कायदा, असा तेथला देखावा होता.

या डोंगरांत सेवा करणाराला ठरलेला पगार माहीतच नव्हता. आजाऱ्याला पाहणारा भगत, बाळंतिणीची सुईण, नाचाच्या रात्रीं तारपा फुंकणारा वादक, यांना जें मिळावयाचें तें धान्याच्या, कोंबडीच्या नाहीं तर दारूच्या रूपानें मिळे. यांत विशेष मान धवलेरीचा. वारल्यांचें लग्न ही सवाशीण गाण्यांनीं लावते. देवांना बोलावणें, पूर्वजांचें स्मरण, वधूवरांना एकत्र आणणें, हें सारें तिच्या मुखानें होतें. ब्राह्मण पुरोहिताला जशी दक्षिणा तसा तिला मान, आणि त्या मानांत दारूचा पेला हा केवळ चैनीचा भाग नव्हे, विधीचा भाग आहे. तो न देतां लग्न लागलें असें मानावयास जुनीं माणसें तयार नसत.

या देण्यावर आयकर होता काय? कागदावर पाहिलें तर मुळींच नव्हता. १८८६ च्या आयकर कायद्यांत ५०० रुपयांखालील वार्षिक उत्पन्न मोकळें होतें, शेतीचें उत्पन्न तर कितीहि असलें तरी मोकळें. १९०३ मध्यें ही मर्यादा १,००० व १९१९ मध्यें २,००० रुपयांवर नेली. मोखाडा पेट्यांत या जाळ्यांत सांपडणारा कोणी असलाच तर तो लांकडाचा ठेकेदार किंवा सावकार. भगताला आणि धवलेरीला आयकर हा शब्दहि ऐकूं आला नसेल. आणि जव्हारांत तर तो कायदाच लागू नव्हता.

पण सरकारचा हात दुसऱ्या बाजूनें आला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू गाळणें व विकणें सरकारी परवान्याखालीं आलें. आणि तेवढ्यानें घरगुती भट्ट्या थांबेनात म्हणून १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या दोनच जिल्ह्यांसाठीं खास कायदा करून मोहाचीं फुलें गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले गेले. फाल्गुन-चैत्रांत झाडाखालीं पहांटे सडा पडतो, बायकापोरें टोपल्या घेऊन वेंचावयास जातात, आणि धान्य संपत आलेल्या घरांत तींच फुलें उकडून खाल्लीं जातात. तीं घरांत ठेवणें हा संशयाचा विषय झाला. धवलेरीला द्यावयाचा पेला आतां परवानेवाल्या दुकानांतून विकत आणावयाचा, आणि त्याच्या किंमतींत सरकारी महसूल आधींच मिळविलेला. ज्या बाईचें उत्पन्न कोणत्याहि अधिकाऱ्यानें कधीं मोजलें नाहीं, तिच्या मानधनाचा एक हिस्सा अशा रीतीनें तिजोरींत जाऊं लागला. पुढें १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें त्या पेल्याला गुन्ह्याचेंच स्वरूप आलें. गरिबाच्या बक्षिशीवर कर असावा कीं नसावा, हा प्रश्न विचारतांना ही आडवाट विसरतां येत नाहीं. तमाशाच्या फडावरील दौलतजादाची गोष्ट अगदीं उलट: १९२३ च्या मुंबईच्या करमणूक कर कायद्यानें प्रवेशाच्या पैशावर कर बसला, पण नाचणारीपुढें फेंकलेला रुपया तिकिटांत मोजला जात नसल्यानें सुटला. कर कोणाच्या खिशाला लागतो हें उत्पन्नाच्या आकड्यापेक्षां वसुलीच्या सोयीवर पुष्कळदां ठरलेलें दिसतें.

दुसरी एक गोष्ट शहरांतील वाचकाला सहसा ठाऊक नसते. या रानांत खुशीच्या नांवाखालीं होणारें देणें खालून वर जात असे. १९३५ च्या कायद्याखालीं मुंबई प्रांतांतील जे प्रदेश ‘अंशतः वगळलेले’ ठरले, त्यांत डहाणू तालुका आणि उंबरगांव व मोखाडा हे पेटे होते. त्या प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोंपविली गेली. जमीनदार वेठ कशी घेतात, आणि जंगल, पोलीस व महसूल खात्यांतील कनिष्ठ नोकर फुकट काम व फुकट शिधा कसा उकळतात, हें त्यानें स्पष्ट लिहून ठेवलें आहे. नोकराचा पगार तोकडा, म्हणून त्याची भरपाई पाड्यावरच्या कोंबडीनें व्हावयाची! वरून पाहतां हीहि बक्षिशीच. पण जिला नकार देतां येत नाहीं ती बक्षिशी म्हणजे पावती नसलेला कर होय. १९४५ सालीं उंबरगांव-डहाणूच्या बाजूला शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें वारली उठले तेव्हां त्यांनीं कोणाकडे मेहेरबानी मागितली नाहीं. वेठ बंद व्हावी आणि कामाचा दर रोकडींत ठरावा, ही त्यांची मागणी होती. दर ठरला कीं मग खुशीला खुशी म्हणतां येतें. तोंपर्यंत ती मजुरीच्या जागीं उभी असते.

आजहि दिवाळी उरकली कीं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून कुटुंबेंच्या कुटुंबें उचल घेऊन वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात, आणि एखादा शिकलेला मुलगा नाशिक-मुंबईच्या हॉटेलांत राहतो. तेथें त्याच्या हातांत पडणाऱ्या बक्षिशीसंबंधीं कायदा काय म्हणतो? १९७६ सालीं जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें धरलें कीं, गिऱ्हाइकांकडून येऊन नोकरांत वांटली जाणारी रक्कम ही मालकानें आपल्या पदरची दिलेली नव्हे. पुढें क्रेडिट कार्डाचा काळ आला, बक्षिशी बिलाबरोबर हॉटेलच्या खात्यांत जमा होऊन मग नोकरांकडे जाऊं लागली, आणि आयकर खात्यानें म्हटलें कीं हा पगारच आहे, तेव्हां मालकानें त्यांतून कर कापून भरला पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयानें २०११ मध्यें खात्याचें म्हणणें मान्य केलें; परंतु २६ एप्रिल २०१६ रोजीं आय. टी. सी. कंपनीच्या अपिलांत सर्वोच्च न्यायालयानें तें फिरविलें. नोकरीच्या करारानें नोकराला बक्षिशीवर मालकाविरुद्ध हक्क मिळत नाहीं. मालक तो पैसा केवळ विश्वस्त म्हणून हाताळतो. म्हणून तो पगार नव्हे. मात्र नोकराच्या हातीं तें ‘इतर मार्गांचें उत्पन्न’ आहे आणि त्या नात्यानें करपात्र आहे.

हा निर्णय योग्य वाटतो. बक्षिशीला नांवानेंच करमुक्त केलें तर ८०० रुपये रोज बक्षिशी मिळविणारा व ८०० रुपये रोज मजुरी मिळविणारा यांच्यांत भेद कशासाठीं, याचें उत्तर देतां येणार नाहीं. शिवाय पगार कमी करून बक्षिशीचें नांव मोठें करण्याची वाट मालकाला मोकळी होईल. अमेरिकेंत केंद्रीय कायद्याप्रमाणें बक्षिशी मिळविणाऱ्या नोकराला मालकानें द्यावयाचा किमान दर १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट एवढाच आहे. बाकीची भर गिऱ्हाइकानें घालावी अशी अपेक्षा. अशा ठिकाणीं करमाफी दिली कीं ती नोकराला मिळाली असें दिसतें, पण तुटपुंज्या पगाराची जबाबदारी तशीच गिऱ्हाइकाच्या गळ्यांत राहते. गरीब नोकराला सोडावयाचें तर तें मर्यादेनें सोडावें. आणि तसें तें आपल्याकडे आहेहि. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कररचनेंत सवलतीमुळें १२ लाख रुपयांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नाला आयकर पडत नाहीं. ताटें उचलणाऱ्या मुलाची बक्षिशी व पगार मिळून या आकड्याच्या आसपासहि जाणार नाहीं.

त्याच्या पैशाला धोका आहे तो अधिक जवळचा. अनेक हॉटेलांनीं बिलांतच सेवाशुल्क म्हणून रक्कम लावण्यास सुरुवात केली, आणि त्या रकमेवरहि वस्तु-सेवा कर आकारला जाऊं लागला. म्हणजे एल्फिन्स्टननें लिहिलेली अंतस्थाची कथा पुन्हां घडली: खुशीचा पैसा वहींत चढला, ठरीव झाला, त्यांत सरकारचा वांटा आला, आणि गिऱ्हाईक उठतांना पुन्हां बशींत मोड टाकतेंच. हें शुल्क सक्तीचें करूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें बजावलें व दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तें उचलून धरलें. पण जमलेल्या बक्षिशीची वांटणी नोकरांत कशी व्हावी, याविषयीं इंग्लंडांत २०२३ चा कायदा झाला असून तो १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलांत आहे. मालकानें त्यांतून कांहीं कापूं नये आणि वांटणी न्याय्य असावी, असें त्यांत आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाहीं. टेबलापाशीं उभा राहणारा वेटर निदान बशी पाहूं शकतो. आंत मोरीपाशीं भांडीं घासणाऱ्या, बहुधा नुकत्याच गांवाहून आलेल्या मुलापर्यंत त्यांतील किती पोंचावें, हें आजहि मालकाच्या मर्जीवर आहे.