गुंगीचे बिल

दुर्बिणीने पोट किंवा आतडे तपासताना रुग्णाला बहुधा पूर्ण भूल देत नाहीत. मिडॅझोलामसारखे औषध शिरेतून देऊन गुंगी आणतात. हाक मारली की रुग्ण ओ देतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो. हे औषध पुष्कळदा तपासणी करणारा डॉक्टरच देतो, भूलतज्ज्ञ तिथे नसतो. या गुंगीचे पैसे कोणत्या नावाखाली लागतात, हे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात उपचाराचा खर्च कोण उचलतो यावर ठरत आले आहे.

1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीचे माळ कारखान्यांनी भरले. कामगारांसाठी 1948 चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा होता. वर्गणी मालक आणि कामगार दोघांची. चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालयात विमाधारकाला बिल येत नाही, त्यामुळे गुंगीचा वेगळा आकारही नाही. मोठ्या उपचारासाठी खासगी रुग्णालयात पाठवल्यास केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे (सीजीएचएस) पॅकेजदर लागतात, आणि भुलीचा खर्च त्या दरातच धरलेला असतो.

ईएसआयला वेतनमर्यादा आहे. ती 2010 मध्ये 15,000 आणि 2017 मध्ये 21,000 रुपये झाली. त्यावर पगार असलेल्यांचा आधार खासगी विमा. 1986 मध्ये आलेल्या मेडिक्लेमचा पाया रुग्णालयात दाखल होण्याचा, साधारण 24 तासांचा. दुर्बिणीची तपासणी मात्र तासाभरात उरकते. पुढे डे-केअर उपचारांना मान्यता मिळाली, तरी विमा नियामकाच्या 2013 च्या व्याख्येत संपूर्ण किंवा जागेपुरती भूल एवढेच शब्द आले. मधल्या गुंगीचे नाव नाही. निव्वळ निदानासाठी दाखल होणे तर सर्रास वगळलेले असते. म्हणून एकाच तपासणीचा क्लेम कुठे मंजूर होतो, कुठे अडतो.

अमेरिकेत उलटा प्रवास झाला. तिथे शेकडो प्रक्रियांच्या दरात गुंगी गृहीत होती. 2017 पासून ती वेगळी काढली. प्रक्रिया करणाऱ्याच डॉक्टरने गुंगी दिली तर एक संकेतांक, दुसऱ्याने दिली तर दुसरा. पहिल्या प्रकारात रुग्णाचा श्वास, नाडी आणि शुद्ध यांवर लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती हजर असावीच लागते, मिनिटांची नोंदही ठेवावी लागते. पैशांपेक्षा ही अट मोलाची आहे. डॉक्टरची नजर पडद्यावर असताना रुग्णाकडे कोण पाहत होते, हे पॅकेजच्या एका आकड्यातून कळत नाही.

इकडे महाराष्ट्र राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि 2013 च्या अखेरीस पुण्यासह उरलेल्या जिल्ह्यांत पोहोचली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर उपचार घेणाऱ्या कुटुंबांसाठी तिनेही पॅकेजचीच पद्धत ठेवली.