बाणाचा चंद्र

दीर्घ गद्यकथेला मराठीत आणि कन्नडात आपण 'कादंबरी' म्हणतो. एका ग्रंथाचे, आणि त्यातही त्या ग्रंथातील नायिकेचे, नाव सबंध वाङ्मयप्रकाराला मिळावे हा मान विरळा. तो बाणभट्टाच्या कृतीने मिळविला. बाण हा इ. स. ६०६ ते ६४७ या काळात राज्य करणाऱ्या हर्षवर्धनाच्या सभेतील कवी.

नाव घरोघर पोहोचले, ग्रंथ मात्र दूर राहिला. एकोणिसाव्या शतकातील जर्मन पंडित वेबर याने बाणाच्या गद्याला भारतातील निबिड अरण्याची उपमा दिली; झाडी तोडल्यावाचून वाटसरूचे पाऊल पुढे पडत नाही, असा त्याचा रोख होता. प्रेम आणि विरह यांच्या वर्णनांत तर उपमा, उत्प्रेक्षा आणि श्लेष यांची दाटी अधिकच. ही सारी नुसती शोभा आहे काय?

चंद्राचे उदाहरण घेऊ. शीतल चंद्र विरही जनांना जाळतो, हा आपल्या काव्यपरंपरेतील जुना संकेत. बाणापूर्वीच्या कवींनी तो पुष्कळदा वापरला. परंतु चंद्र खरोखर कोणाचा घात करतो, असे तेथे कोणी मानीत नाही. बाणाच्या कथेत मात्र तसे घडते. महाश्वेतेवर अनुरक्त झालेला मुनिकुमार पुंडरीक अच्छोद सरोवराच्या तीरी चांदण्या रात्री प्राण सोडतो. ती येऊन पोहोचते तेव्हा उशीर झालेला असतो. पुढे कळते ते असे, की मरता मरता त्याने चंद्रालाच शाप दिला होता: माझ्यासारखाच तूही भारतवर्षात जन्म घेऊन विरह भोगशील. चंद्रानेही उलट शाप दिला, की माझ्या सुखदुःखाचा वाटेकरी तूही होशील. तोच चंद्र उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड होतो आणि कादंबरीसाठी झुरतो. इतरांना जाळणारा आता स्वतः जळतो. संकेत होता, त्याचे कथानक झाले.

पुंडरीक या नावाकडेही पाहावे. पुंडरीक म्हणजे श्वेत कमळ, आणि सूर्यविकासी कमळ चंद्रोदय होताच मिटते. नायकाचे नाव ठेवतानाच कवीने त्याचे मरण सुचवून ठेवले आहे.

येथे इतिहासाचा एक प्रश्न उभा राहतो. बाण हा ग्रंथ पुरा करू शकला नाही. पत्रलेखा कादंबरीच्या विरहव्यथेचे वृत्त चंद्रापीडाला सांगत असतानाच त्याची लेखणी थांबली. उत्तरभाग त्याच्या पुत्राने, भूषणभट्टाने, लिहिला. काही जण त्याला पुलिंद म्हणतात. शापांचा उलगडा होतो तो या उत्तरभागात. मग चंद्राच्या शापाची कल्पना पित्याची की पुत्राची?

उत्तर पूर्वभागातच आहे. चंद्रापीडाच्या जन्मापूर्वी राजा तारापीडाला स्वप्न पडते, की पूर्णचंद्र राणी विलासवतीच्या मुखात प्रवेश करीत आहे. मंत्री शुकनासालाही स्वप्न पडते. त्यात त्याची पत्नी मनोरमा हिच्या मांडीवर एक ब्राह्मण श्वेत कमळ ठेवतो. तिला झालेला पुत्र वैशंपायन, म्हणजेच पुंडरीकाचा पुढला जन्म. ही दोन्ही स्वप्ने बाणाने स्वतः लिहिली आहेत. वाचणाऱ्याला ती प्रथम राजकुळाच्या गौरवाचा अलंकार वाटतात. शेवट ठाऊक झाल्यावर कळते, की योजना आरंभापासून ठरलेली होती.

भूषणभट्टापुढे अपुरी पोथी होती आणि पित्याचे वियोगदुःख होते. पित्याच्या मृत्यूबरोबर कथेचा धागा तुटला, सज्जनांना त्याची हळहळ वाटली, म्हणून आपण हे काम हाती घेतले. कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, असे तो नम्रपणे सांगतो. पित्याच्या उपमा त्याने केवळ शोभेच्या मानल्या असत्या, तर कथा कोठे नेऊन पोहोचवावी हे त्याला उमगले नसते. त्याने चंद्र आणि कमळ यांचा अर्थ ओळखला, म्हणूनच दोन्ही प्रेमी युगुलांचे पुनर्मीलन घडले आणि ग्रंथ सिद्धीस गेला.

वेबरला जे अरण्य दिसले, त्यात वाट होती. ती उपमांनीच आखली होती.