ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य : मालवणनंतरचे महाराष्ट्रातील दुसरे सागरी अभयारण्य. घोषणा ६ ऑगस्ट २०१५. क्षेत्रफळ सु. १६.९ चौ. किमी.; त्यांपैकी सु. ८.९६ चौ. किमी. कांदळवन, बाकीचे खाडीचे पात्र. ऐरोली व वाशी या पुलांदरम्यान खाडीच्या पश्चिम बाजूस ते पसरले आहे. अभयारण्य व त्याभोवतालचे संवेदनशील क्षेत्र मिळून सु. ६५ चौ. किमी. परिसराचा २०२२ मध्ये रामसर पाणथळांच्या यादीत समावेश झाला.

भूरचना : कल्याण-डोंबिवलीवरून येणाऱ्या उल्हास नदीचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीकडे वळतो, कळव्याजवळून जाणारा एक अरुंद फाटा मात्र तिला ठाणे खाडीशी जोडतो. नदीचा आणि भरतीचा गाळ येथे साचतो. ओहोटीला उघडा पडणारा हा गाळ हेच अभयारण्याचे खरे धन होय.

वनस्पती व प्राणी : काठावर तिवर सर्वाधिक, त्याखेरीज चिपी, कांदळ, काजळा व मारांडी. गाळातून वर आलेल्या तिवराच्या श्वसनमुळांमध्ये निवटे, चिंबोऱ्या व कोळंबी वाढतात. काठच्या कोळीवाड्यांची मासेमारी याच पाण्यावर चालत आली आहे. कांदळवनात कोल्हाही आढळतो.

रोहित पक्षी : १९९० च्या दशकापासून रोहित (फ्लेमिंगो) येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. साधारण डिसेंबर ते मे हा त्यांचा मुक्काम. गडद चोचीचा छोटा रोहित मुख्यत्वे सूक्ष्म शैवालावर जगतो. गुलाबी, काळ्या टोकाच्या चोचीचा मोठा रोहित गाळातील कवचधारी जीव व कीटकही टिपतो. दोघेही चोच उलटी धरून पाणी गाळतात. हिवाळ्यात तुतवार, कुरव व बदकांचे थवेही उतरतात.

दर्शन व संरक्षण : ऐरोली येथे कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथील नौकाफेऱ्या भरतीच्या वेळांनुसार ठरतात, म्हणून आधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. भरतीने गाळ बुडाला की रोहित नवी मुंबई व भांडुप परिसरातील उथळ तळ्यांकडे विसाव्याला उडतात आणि ओहोटीला परततात. यांतील नेरूळची तळी अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. ती बुजली किंवा तेथील भरतीचे पाणी अडले, तर खाडीतले संरक्षण अर्धेच उरेल. रोहितांचे घर खाडी व तळी मिळूनच पुरे होते.