कोमट बिअरची तक्रार

गेली बावीस वर्षे मी बँकेत कारकून आहे आणि त्यातली पंधरा वर्षे आमच्या शाखेची तक्रार-वही माझ्या टेबलावर आहे. वहीला पेन दोरीने बांधलेले असते. म्हणजे दोरी असते. ही वही माझ्याकडे का आली, तर मी बी. कॉम. आहे आणि माझे अक्षर बरे आहे. ‘पंखा फिरतो पण वारा लागत नाही’, ‘पासबुक छापायचे यंत्र बंद असते, आणि ते चालू असते तेव्हा माणूस जेवायला गेलेला असतो’ असल्या नोंदींखाली मी सुवाच्य अक्षरात एकच वाक्य लिहीत आलो आहे : ‘योग्य ती कारवाई करण्यात येत आहे.’ पंधरा वर्षांत तो पंखा हललेला नाही. फिरतो; हललेला नाही.

तेव्हा तक्रार केल्याने जगात काही बदलते, असे कोणी मला सांगितले असते तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावले असते. ही गोष्ट मला पटली ती इंग्लंडात, आणि चहा पिऊन नव्हे.

आमची धाकटी बहीण लग्न होऊन डर्बीला असते. २०२३ च्या मे महिन्यात तिच्या आग्रहाने आम्ही उभयता तिकडे गेलो. माझ्या मेहुण्यांना, विनायकरावांना, एकच व्यसन आहे. ते म्हणजे बिअरचा इतिहास सांगणे. बिअर ते त्या मानाने बेताची पितात. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, “दादा, चला, तुम्हाला खरी बिअर दाखवतो.” मी हिच्याकडे पाहिले. ही म्हणाली, “जा हो, पण खरी असली तरी एकच.”

आता बिअर म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर आपली परमिट रूम येते. निळा अंधार, मसाला शेंगदाण्यांची बशी, आणि बाटली इतकी गार की चव कळू नये. त्या पबमध्ये अंधार नव्हता. आमच्या गावच्या वाचनालयात असतात तसे दोन म्हातारे आणि एक कुत्रे, एवढीच मंडळी. कुत्रे जास्त जागे होते. गल्ल्यामागच्या बाईंनी एक लांब लाकडी दांडा धरून आपला हापसा मारावा तसा दोन-तीनदा ओढला आणि चहाच्या रंगाचा एक पेला पुढे ठेवला. फेस बोटभर. मी एक घोट घेतला आणि माझ्यातला तक्रार-कारकून जागा झाला.

“विनायकराव, हिचा गॅस गेलाय. शिवाय कोमट आहे. बदलून मागा.”

“दादा, कोमट नाही, तळघराइतकी गार आहे. बारा-तेरा अंश. आणि गॅस गेला नाही, वरून घातलेलाच नाही. ही बिअर जिवंत आहे.”

मी पेला खाली ठेवला. जिवंत वस्तू खायची-प्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

मग त्यांनी समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपण घरी विरजण लावतो ते दही आणि दुकानातले डबाबंद दही यांत जो फरक, तो इथे आहे. रिअल एल म्हणतात ती बिअर पिंपात भरली तरी तिच्यातले यीस्ट मेलेले नसते. पबच्या तळघरात पिंप पडून असते तेव्हाही आत आंबणे चालू असते आणि जो काही बारीक फसफसाट येतो तो त्यातूनच येतो. पिंप एकदा उघडले की तीन-चार दिवसांत संपवायचे, नाहीतर ती उतरते. म्हणजे पबचा मालक नुसता विकणारा नाही, त्याला सांभाळणाराही असावे लागते. दुसरी पद्धत कारखान्याची. तिला केग बिअर म्हणतात. गाळायची, तापवून यीस्ट मारायचे, वरून कार्बन डायऑक्साइड भरायचा, थंडगार करायची आणि गॅसच्या दाबाने तोटीतून सोडायची. आठवडे टिकते. कोणीही मूर्ख विकू शकतो. बिअर मात्र मेलेली.

अर्धा पेला संपल्यावर ते सहज म्हणाले, “आता एवढी नितळ दिसते ना, ती माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेल्या पदार्थाने गाळ खाली बसवतात म्हणून.” ही माहिती पहिल्या घोटाआधी द्यायची असते हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. उरलेला अर्धा पेला मी गाळाचा विचार न करता प्यायलो. चव, खरे सांगतो, तोवर लागायला लागली होती. भाजलेल्या पावाची, किंचित कडू, मागाहून गोडसर.

डर्बीपासून बर्टन अर्ध्या तासावर. दुसऱ्या दिवशी तिथे नेऊन त्यांनी मला आपल्या देशाचे नाव लावलेल्या बिअरची गोष्ट सांगितली. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात हॉजसनची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच नांगरत. कप्तान लोक तिथून एल उचलायचे आणि कलकत्त्याच्या, मुंबईच्या गोऱ्या साहेबांना विकायचे. हॉजसनची बिअर काही जगावेगळी नव्हती, आणि भारतासाठी ती त्याने मुद्दाम शोधून काढली हेही खरे नाही. तसली फिकट एल आधीपासून होतीच. त्याचे भांडवल वेगळे होते. तो अठरा महिन्यांची उधारी द्यायचा! माझ्यातला बी. कॉम. इथे उभा राहिला. त्यात पिंपे चार-सहा महिने विषुववृत्त ओलांडून हिंदकळत यायची, आत बिअर जिवंत, त्यामुळे मुरून उतरायची ती अधिक झकास होऊन. पुढे १८२० च्या सुमारास हॉजसन मंडळींनी उधारी बंद केली, भाव वाढवला, आणि १८२२ मध्ये कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या ऑलसॉपला गाठले. पहिला नमुना ऑलसॉपच्या माणसाने चहाच्या किटलीत करून पाहिला असे सांगतात. बर्टनच्या पाण्यात जिप्सम, त्यामुळे तिथली एल हॉजसनपेक्षा सरस निघाली. कर्ज बंद केले की खाते दुसऱ्या बँकेत जाते हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. हॉजसनला कोणी शिकवले नसावे.

एवढी चांगली चाललेली गोष्ट बिघडली कशी? टेनिसमुळे. लंडनजवळच्या एका टेनिस क्लबात मंडळी फक्त शनिवार-रविवारी यायची आणि मधल्या दिवसांत पिंपातली बिअर उतरायची. वॉटनी कंपनीने १९३० च्या दशकात त्यांना टिकाऊ, मारलेली बिअर देऊन पाहिली. तिचेच पुढे ‘रेड बॅरल’ झाले. क्लबाची सोय झाली. पण मग कंपनीच्या लक्षात आले की ही सोय आपलीच जास्त आहे. १९६० च्या दशकात लहान भट्ट्या मोठ्यांनी गिळायला सुरुवात केली आणि शेवटी सहा बड्या कंपन्या उरल्या. तिकडे पबही बहुतेक भट्टीवाल्यांच्याच मालकीचे. म्हणजे कोपऱ्यावरच्या पबात काय प्यायचे हे तुम्ही नाही, मुख्य कार्यालय ठरवणार. गावोगावची निराळी चव जाऊन देशभर एकच, गार, गॅस भरलेली. १९७१ साली वॉटनीने तर ‘लाल क्रांती’ची जाहिरात काढली, माओ, कॅस्ट्रो आणि ख्रुश्चेव्ह यांच्यासारखे दिसणारे लोक हातात बिअर घेऊन बसलेले! भांडवलदाराने आपल्याच मक्तेदारीला क्रांती म्हणायचे, ही विनोदबुद्धी मला अजून साधलेली नाही.

हे ऐकताना मी जरा गप्प झालो, त्याचे कारण सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी आमची बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. एका शुक्रवारी आमची पाटी होती, सोमवारी दुसरी होती. आमच्या जुन्या बँकेत आषाढीच्या आधी वारकऱ्यांसाठी सुट्या पैशांची निराळी खिडकी असायची. ती एका परिपत्रकाने गेली. मॅनेजर निम्म्या खातेदारांना नावाने ओळखायचे. त्या जागी टोकनचे यंत्र आले. यावर आमच्या तक्रार-वहीत एकाही माणसाने एक ओळ लिहिली नाही. मीही नाही. आम्ही पेढे वाटले.

आणि त्या चौघांनी काय केले? १९७१ च्याच मार्चमध्ये मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीझ, जिम मेकिन आणि बिल मेलर हे उत्तर इंग्लंडकडचे चार तरुण मित्र सुटीला आयर्लंडच्या पार पश्चिम टोकाला, डनक्विन गावी गेले होते. चौघांपैकी तिघे वर्तमानपत्रांत. क्रूगर नावाच्या पबात बसून ते हेच करत होते जे आपण टपरीवर करतो : पूर्वीसारखे राहिले नाही म्हणून कुरकुर. फरक एवढाच की त्यांनी उठण्याआधी संस्था काढली. नाव ठेवले ‘कॅम्पेन फॉर द रिव्हायटलायझेशन ऑफ एल’. दोन पेल्यांनंतर हे नाव सदस्यांनाच उच्चारता येईना, म्हणून १९७३ मध्ये ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ झाले. थोडक्यात कॅम्रा. याआधी १९६३ मध्येही एक मंडळ निघाले होते, पण त्यांचा जीव लाकडी पिंपात अडकला होता. कॅम्राने ओळखले की भांडण पिंपाचे नाही, आतल्या जिवाचे आहे. पिंप धातूचे असले तरी चालेल.

मग त्यांनी जे केले ते म्हणजे अखिल भारतीय पातळीची तक्रार-वहीच. १९७४ साली ‘गुड बिअर गाइड’ हे पुस्तक काढले : कुठल्या गावात, कुठल्या पबात जिवंत बिअर मिळते आणि कुठल्या भट्टीच्या वाटेला जाऊ नये. वॉटनीपुढे शेरा होता, प्लेगसारखी टाळा. छापणारी वॉडिंग्टन कंपनी घाबरली, आणि ‘काही झाले तरी टाळा’ असा सौम्य शेरा छापला गेला. ही वॉडिंग्टन म्हणजे तीच, तिकडे ‘मोनोपॉली’ छापणारी; आपण लहानपणी ‘व्यापार’ म्हणून खेळलो त्याचा थोरला भाऊ. मक्तेदारीविरुद्धचे पुस्तक छापायला यांना दुसरा छापखाना मिळू नये!

स्टाफर्डशरमधल्या स्टोन गावी जूल्स नावाची जुनी भट्टी मोठ्या कंपनीने बंद करायचे ठरवले, तेव्हा १९७३ मध्ये लोकांनी मोर्चा काढला. भट्टी वाचली नाही. १९७४ मध्ये बंद झाली ती झालीच.

पण बाकीचा ताळेबंद पाहा. रेड बॅरल गेली. वॉटनीचे नाव पाट्यांवरून उतरले. त्यांच्या मॉर्टलेकच्या कारखान्यात शेवटी अमेरिकन बडवायझर बनायची, आणि २०१५ मध्ये तोही बंद झाला. १९७० च्या आसपास ब्रिटनमध्ये दोनशेच्या आत भट्ट्या उरल्या होत्या. आता हजाराच्या वर आहेत. कॅम्राचे सदस्य लाखाच्या पुढे. सगळे श्रेय तक्रारीला द्यायला मी तयार नाही. २००२ मध्ये सरकारने लहान भट्ट्यांचा कर कमी केला, त्याने जेवढे झाले तेवढे मोर्चांनी झाले नसेल. शिवाय या मंडळींचा थोडा सोवळेपणाही आहे. नव्या पोरांनी उत्तम बिअर केली, पण केगमध्ये भरली, की हे नाक मुरडतात. पण कर कमी करायला मुळात लहान भट्ट्या उरल्या पाहिजेत ना!

विनायकरावांच्या कपाटात मायकेल जॅक्सनचे पुस्तक होते. तो नाचणारा नव्हे. बिअरवर लिहिणारा, दाढीवाला. १९७७ च्या ‘द वर्ल्ड गाइड टु बिअर’ मध्ये त्याने इंग्रजी वाचकाला बेल्जियम दाखवला. मठातले साधू जिथे बिअर करून मठ चालवतात, आणि ब्रसेल्सला कँतियोंच्या भट्टीत बिअर माळ्यावर उघडी ठेवून हवेतल्या यीस्टवर सोडून देतात, आणि कोळ्याची जाळी काढत नाहीत, कारण कोळी किडे खातात. हे मी हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, “त्यांच्या घरी बायका नसतील.”

तिला आवडला तो पियर सेलिस. हूगार्डन गावचा हा दूधवाला. गव्हाची पांढरी बिअर करणारी गावातली शेवटची भट्टी १९५७ मध्ये मिटली. हा लहानपणी तिथेच शेजारी राहून मदत करायचा. त्याने १९६६ मध्ये ती बिअर पुन्हा सुरू केली. तिच्यात धने आणि संत्र्याची साल घालतात. १९८५ मध्ये भट्टी जळाली, पैसा उभा करताना कारखाना मोठ्या कंपनीकडे गेला, आणि म्हातारा टेक्सासला जाऊन तीच बिअर नव्याने करू लागला. २००५ मध्ये कंपनीने हूगार्डनची भट्टी बंद करून काम दुसऱ्या गावी हलवायचे जाहीर केले. गाव रस्त्यावर आले. आणि दुसऱ्या गावी ती चव जमेना! २००७ मध्ये कंपनीने निर्णय मागे घेतला. “धने तेच घातले असतील हो,” ही म्हणाली, “पण हात?” विनायकरावांनी तिला उठून नमस्कार केला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक पेला पाजला आणि पिंपावरचे नाव वाचायला सांगितले. जूल्स. २०१० मध्ये मार्केट ड्रेटन गावी कोणीतरी ते नाव घेऊन भट्टी पुन्हा काढली आहे. मी बोटांवर मोजले : छत्तीस वर्षे.

परत आल्यावर कामावर रुजू झालो. दुपारी जेवणाच्या सुटीत तक्रार-वही ओढली, खिशातले पेन काढले, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतः नोंद केली : ‘आषाढीची सुट्या पैशांची खिडकी पुन्हा सुरू करावी.’ खाली सही, तारीख. मग सवयीने हात तसाच पुढे सरकला आणि सुवाच्य अक्षरात लिहून गेला, ‘योग्य ती कारवाई करण्यात येत आहे.’

ती ओळ मी खोडली. वहीत खाडाखोड केल्याबद्दल माझा खुलासा मागवला आहे.