पूर्णेच्या थडीनं

बैल फुरफुरतो आणि तुला जाग येते. पाठीखाली कडबा, कडब्यावर गोधडी, डोक्यावर कामट्यांवर ताणलेल्या तट्ट्याचं छत. दमणी म्हणजे चाकांवरची खोलीच. हात लांबवला तर एकीकडे सरकीचं पोतं लागतं, दुसरीकडे भगर, शेंगदाणे आणि रताळी बांधलेलं धडपं. खाली कण्याजवळ वंगणाची नळी आणि विझलेला कंदील टांगलेला. 1958 सालचा माघ सरत आला आहे, आज महाशिवरात्र, आणि तू बावीस वर्षांची आहेस.

बाहेर ये. पूर्वेला निंबाच्या फांदीमागं चंद्राची कोर आहे, नखाएवढी. तिच्या उजेडात काहीच दिसत नाही, पण आवाजावरून कळतं की गाड्याच गाड्या सुटलेल्या आहेत. जू जमिनीला टेकवलेलं, बैल चाकाला बांधलेले, कुणाच्या गळ्यातली घुंगूरमाळ मधेच वाजते. मलकापूरकडचे लोक आहेत, रावेरचे आहेत, पार बऱ्हाणपूरहून आलेले आहेत. विजया एकादशीपासून अमावास्येपर्यंत हे असंच चालतं. गाव कोथळी, एदलाबादपासून हाकेच्या अंतरावर, मुक्ताईच्या देवळाचं.

काल मध्यरात्रीनंतर तुम्ही बोदवड सोडलंत. गावाबाहेर पडताना नाडगाव स्टेशनावरून इंजिनाची शिट्टी ऐकू आली, मग दादरीच्या शेतांमधून सहा-सात कोस. दरवर्षी सासरे यायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यानं दगा दिला आणि घरचा नारळ तर मुक्ताईला पोचलाच पाहिजे, म्हणून सासूनं दोन्ही पोरं आपल्याजवळ ठेवून घेतली आणि म्हणाली, "जाऊन या दोघं." लग्नाला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत "दोघं" हा शब्द तुमच्याबद्दल घरात कुणी उच्चारला असेल, असं तुला आठवत नाही. अकरा माणसांचं घर. तो शेतात, तू विहिरीवर, चुलीपाशी, पुन्हा विहिरीवर. माघात बोदवडच्या विहिरी खोल जातात. रहाटाचा दोर हाताला वाढत चाललेला कळतो, रोज एक-दोन वीत. आज काय वार आहे हे एखादे दिवशी तुला सांगता येणार नाही, पण पाणी कालच्यापेक्षा किती खाली गेलं ते सांगता येतं.

मुक्ताईला नारळ वाहून, शेजारच्या गाडीवाल्या म्हाताऱ्याला बैलांकडे लक्ष ठेवायला सांगून तुम्ही चांगदेवकडे पायी निघता. चांगदेव हे संगमावरचं गाव, अडीच कोसांवर. सगळी यात्रा गाडीवाटेनं जाते. तो मात्र वाट सोडतो.

"थडीथडीनं जाऊ," तो म्हणतो. "पाय दुखतीन का तुहे?"

असा प्रश्न त्यानं आजवर विचारला नव्हता. तू मान हलवतेस.

काळी जमीन संपते आणि एकदम पिवळट गाळाच्या दरडी सुरू होतात. पूर्णा आणि तापी या दोघींनी हा गाळ किती काळ आणून टाकला कुणास ठाऊक. पावसाच्या पाण्यानं त्यात घळी पाडल्या आहेत, काही इतक्या अरुंद की खांदे दोन्हीकडे घासतात. एका घळीतून बसत, सरकत तुम्ही खाली उतरता. लुगड्याचा काष्टा वर खोवून तू शेवटची उडी मारतेस आणि पाय गार वाळूत रुततात.

पुढं नदी.

पुरात याच दरडीच्या माथ्याला टेकणारी पूर्णा आज चारदोन धारांची झाली आहे. तळाचे गोटे दिसतात. तरी तू थांबतेस, कारण तुला हिशेब लागत नाही. हे पाणी कुणी ओढलेलं नाही, कुणाच्या घागरीची पाळी नाही, त्यावर कुणी पहारा देत नाही. ते नुसतं चाललं आहे. हात घातलास तर मनगटाला वळसा घालून पुढं जातं.

"हे जातं कुठी?"

"तापीत. तापी सुरतेकडे. डुमसला समुद्रात पडते."

तो व्हर्नाक्युलर फायनल झालेला आहे, आणि एकदा मुंबईला जाऊन समुद्र पाहून आला आहे. सहा वर्षं तुला ही गोष्ट माहीत होती, पण विचारायला वेळ आज मिळाला. "कसा असतो समुद्र?"

तो बराच वेळ चालतो. मग म्हणतो, "असाच. पन पल्याडची थडी नसते."

वाळूत भोई लोकांच्या वाड्या आहेत. टरबुजाचे आणि डांगराचे वेल, डांगर म्हणजे आपल्याकडचं खरबूज. होळीनंतर फळ धरेल, आत्ता वेल वीतभर आहेत. प्रत्येक वेलाला वाळूत खोदलेला वेगळा खड्डा, त्यात शेणखत, आणि वाऱ्यानं वाळू उडू नये म्हणून आडवी लावलेली पाचटाची कुडं. एक बाई मडक्यानं एकेका खड्ड्यात पाणी घालते आहे, नदी दहा पावलांवर असताना मोजून, अर्धंअर्धं मडकं. तिच्या झोपडीसमोर झिरा आहे. हात जाईल एवढं वाळूतलं भोक, त्यात गाळून आलेलं पाणी. ती नारळाची करवंटी पुढं करते.

"कोन गावचे?"

"बोदवडचे."

"बोदवडचे? मंग प्या पोटभर, माय. संकोच नका करू."

तू पितेस. उपास आहे, पण पाण्याला उपास नसतो. गार, किंचित गोडसर, वाळूचा एक कण दाताखाली येतो. नदीच्या माणसानं कोरड्या गावच्या माणसाला असं न मागता पाणी देणं मला फार मोलाचं वाटतं.

दुपारी संगम येतो. पूर्णा तापीला मिळते तिथं पात्र एवढं रुंद होतं की पलीकडच्या दरडीवरची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. चक्रवाकांची एक जोडी पाण्याच्या कडेनं चालते आहे, नारिंगी, एकमेकांपासून हातभर अंतर राखून. सकाळी तुम्हीही तसेच निघाला होतात, तो चार पावलं पुढं, तू मागं, गावात चालतात तसे. वळून बघ. दरडीखाली वाळूत पावलं एकामागं एक आहेत. झिऱ्यापासून पुढं ती शेजारी शेजारी उमटली आहेत, आणि ते कधी झालं हे दोघांनाही कळलेलं नाही.

काठावर चांगदेवाचं देऊळ. काळ्या दगडाचं, हेमाडपंती, चुन्याशिवाय चिरा चिऱ्यात बसवलेला. दाराच्या चौकटीवर बोट फिरवलंस तर इतक्या शतकांनंतरही नक्षीच्या कडा लागतात. वर शिखर नाही, आणि मला ते नसलेलंच बरं वाटतं. देऊळ जमिनीला धरून बसलं आहे, नदीकडे तोंड करून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं.

कथा तुला ठाऊक आहे. चौदाशे वर्षं जगलेला योगी चांगदेव वाघावर बसून आला, हातात सापाचा चाबूक. त्यानं पाठवलेल्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. पण त्याला गुरू लाभली ती मुक्ताई, पोरसवदा मुलगी. तापीकाठी ती गेली तेव्हा, 1297 साली, ती अठरा वर्षांची होती. म्हणजे तुझ्याहून चार वर्षांनी लहान. दर्शनाच्या रांगेत उभं असताना हे वजाबाकीचं गणित तू पहिल्यांदा करतेस आणि तुझ्या पाठीचा कणा थोडा ताठ होतो. गावाला नाव शिष्याचं आहे. पुढं एदलाबादला नाव मिळेल ते गुरूचं, मुक्ताईनगर. मला या मुलखाचा अभिमान वाटतो तो इथं.

बाजार भरला आहे. गोडीशेव, रेवड्या, घोंगड्या, तांब्याची भांडी. कवठांचे ढीग. कासार तुझा हात दाबून चार हिरव्या बांगड्या चढवतो आणि म्हणतो, "तीन आने." तुझा नवरा नवी नाणी काढतो. नये पैसे येऊन वर्षही झालेलं नाही. तीन आण्यांचे किती? रुपयाचे सोळा आणे, रुपयाचे शंभर पैसे, म्हणजे पावणेएकोणीस. पाऊण पैसा असतो कुठं? कासार एकोणीस म्हणतो, तो अठरा म्हणतो, मागची बाई म्हणते सरकारी तक्त्यात एकोणीसच आहे. तो एकोणीस मोजतो. जाताना कासार तुझ्या हातावर पाचवी बांगडी ठेवतो, मोकळी, पैसे न घेता. तीही तू चढवतेस.

संध्याकाळी तू पुन्हा संगमावर जातेस. घरून आणलेला पितळी गडू बुडवून भरतेस, तोंडाला फडकं बांधतेस. परतीचे अडीच कोस तो गडू आधी तू धरतेस, मग तो. अंधारात त्याचा आवाज येतो, "सांडलं नाही." पुन्हा थोड्या वेळानं, "नाही सांडलं."

आता पुढं चल. बत्तीस वर्षं.

1990. यावल तालुका, हतनूरचा उजवा कालवा. मुलगी इकडं दिली आहे. सकाळी नातवंडं शाळेत गेल्यावर तुम्ही दोघं कालव्याच्या भरावावरून चालायला निघता. वाट सरळ, जीप जाईल एवढी रुंद, म्हणून मागंपुढं व्हायचा प्रश्नच नाही. एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला काठोकाठ पाणी. तुझ्या गुडघ्यानं आता सासऱ्यांचा वारसा घेतला आहे. तो तुझ्या चालीनं चालतो.

भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूरचं धरण 1982 साली पुरं झालं. एक्केचाळीस दरवाजे. पाणी मागं सरकत संगमापर्यंत आलं, काही गावं हलली. तुम्ही चाललात ती वाळू, वेलांचे ते खड्डे, करवंटीचा तो झिरा, सगळं आता पाण्याखाली आहे. हिवाळ्यात त्या फुगवट्यावर पक्षी उतरतात आणि माणसं दुर्बिणी घेऊन येतात. मी धरणाला वाईट म्हणणार नाही. रावेर, यावल, चोपड्याच्या शेतांत या कालव्यानं काय केलं ते तुझ्या मुलीच्या घरात दिसतं. तिच्या हाताला दोराचे घट्टे नाहीत. पण कालवा नदीच्या उजवीकडे आहे आणि बोदवड डावीकडे, उंचावर. पूर्णेचं पुराचं पाणी उपसून तिकडे न्यायची योजना पुढं येईल, आणि तीही वर्षानुवर्षं लांबत जाईल. बोदवडच्या बायका पाण्याचे दिवस मोजत राहतील. हे मला सलतं, आणि ते इथं लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

एका दारापाशी पाटकरी चाक फिरवून पाणी सोडतो आहे. पाणी चारीत उतरतं, कोरड्या मातीवरून आधी फेस पुढं धावतो, मग पाणी. तू थांबून बघतेस. मग भरावाची उतरंड धरून, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून खाली उतरतेस आणि ओंजळ भरतेस. मनगटाला वळसा घालून ते पुढं जातं.

पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढतेस. ती बुडवताना बुडबुडे येतात.

"घरी नेशील?" तो विचारतो. "मोटारीत सांडीन."

तू झाकण फिरवून घट्ट करतेस आणि बाटली त्याच्याकडे देतेस. तो ती उलटी धरून बघतो, मग सदऱ्याच्या खिशात उभी ठेवतो, आणि भरावावर चढायला तुला हात देतो.